मंगोलियाच्या गवतात सायकल आणि तंबू : कंपनीबरोबर जावं की आपलं आपण?

कोलशेतकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

रविवारी पहाटे येऊर, अंगात खुमखुमी असली तर घोडबंदर रोडने गायमुख, आणि पाऊस ओसरला की कल्याणवरून मुरबाड, इतपत सायकल चालवणारी आमची ठाण्यातली टोळी. वयं चाळीस ते पंचावन्न. मध्यंतरी उपवनला चहा पिताना कोणीतरी मंगोलियाचा विषय काढला आणि आता तो काही केल्या मिटत नाहीये.

बेत असा. जुलै-ऑगस्टात उलानबातरला उतरायचं, तिथून गाडीने पश्चिमेला जायचं आणि खांगाई डोंगरांच्या पायथ्याने, ओर्खोन नदीच्या खोऱ्यातून सायकलवर खारखोरिन गाठायचं. चंगीजखानाच्या मुलाने, ओगेदेईने, तेराव्या शतकात जिथे काराकोरम ही राजधानी उभी केली ते हे गाव. रोज ५०-६० किलोमीटर, रस्ता जवळपास सगळा कच्चा, मुक्काम तंबूत. तिथली एक कंपनी गाइड, स्वयंपाकी, सामानाची गाडी, तंबू आणि हव्या असल्यास सायकलीही देते.

टोळीत दोन तट पडलेत. एका तटाचं म्हणणं, नकाशा फोनमध्ये आहे, तंबू आपल्याकडे आहेत, मग शिट्टी वाजवणाऱ्याच्या मागून रांगेत कशाला जायचं? दुसरा तट म्हणतो, आधी मुरबाडला पंक्चर झाल्यावर टेम्पो कोणी मागवला होता ते आठवा. मी अजून कुंपणावर.

कोणी गेलंय का? कंपनीला नेमकं काय विचारावं? दोघं शाकाहारी आहेत, त्यांचं काय? सायकल इथून न्यावी का? ठाण्यात राहून तयारी कशी करावी? जे सुचेल ते लिहा.

ऐरोलीचा_पंप

वाचनखूण साठवली. सायकल आणि सामानाबद्दल सवडीने सविस्तर लिहितो. तोवर एकच, ५०-६० हा आकडा वाचून हसू नका. पाम बीच रोडवर ते अंतर नाश्त्याआधी होतं. गवताळ कच्च्यावर सकाळी आठला निघालेला माणूस दुपारी चारला पोचतो.

विष्णुनगरचे_आजोबा

कोलशेतकर, बेत झकास. पण गवतच बघायचं तर इतक्या लांब कशाला? आपल्या सोलापूरजवळ नान्नजला जा. १९७९ पासून माळढोक अभयारण्य आहे. पुणे वनविभागाने अलीकडे कडबनवाडी आणि शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू केली आहे. लांडगा दिसतो, चिंकारा दिसतो, संध्याकाळी पिठलं-भाकरी मिळते आणि व्हिसा लागत नाही.

माळरानी

आजोबा, नान्नज माझंही लाडकं. पण तिथे सायकल हवी तिकडे वळवता येत नाही, तंबूचं तर नावच नको. अभयारण्य आहे, आणि असायलाच हवं. शिवाय आपली माळरानं आता तुकड्यातुकड्यांनी उरलीत. एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकाचा ऊस दिसतो. सरकारदफ्तरी 'पडीक' अशी नोंद असली की झाडं लावायला नाहीतर सोलर पॅनेल टाकायला ती मोकळीच समजतात, हा वेगळा राग.

मंगोलिया क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या पाचपट. लोकसंख्या ३५ लाखांच्या आसपास, त्यातले निम्मे राजधानीत. तुलना हवीच तर २०११ च्या जनगणनेत आपला तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा एक कोटी दहा लाखांचा होता. तेव्हा कुंपण नसलेलं गवत म्हणजे काय हे बघायला तिथे जाण्यात अर्थ आहे.

फक्त जाताना ती जागा ओसाड समजून जाऊ नका. ते कुरण आहे. जमीन सरकारी, चराई सामाईक, पण कोणतं कुटुंब उन्हाळ्यात कुठे आणि हिवाळ्यात कुठे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. डोंगराच्या आडोशाला लाकडाचे किंवा दगडाचे रिकामे गोठे दिसतील. तंबूला मस्त जागा वाटेल. तिथे ठोकू नका. आसपासचं गवत हिवाळ्यासाठी राखलेलं असतं. आणि हिवाळा किती निष्ठुर? २०२३-२४ च्या हिवाळ्यात बर्फाखाली गवत गाडलं गेलं आणि देशभरात ७० लाखांहून जास्त जनावरं मेली. असल्या हिवाळ्याला ते लोक 'झुड' म्हणतात. आपण ज्या गवतावर तंबू टाकून फोटो काढतो ते कोणाचं तरी जानेवारीचं जेवण असतं.

खारघरची_चढण

गेल्या जुलैत ह्याच भागात, अशाच सहलीला मी जाऊन आले. फोनवरून टंकतेय, त्यामुळे तुकड्यांत लिहिते.

पहिलं गाइडबद्दल, कारण टोळीत भांडण त्यावरूनच आहे. आमचा एक दिवस ओर्खोनची एक उपनदी ओलांडून पुढे धबधब्याकडे जायचा होता. रात्री डोंगरात पाऊस झाला, आमच्या तंबूवर थेंबही नाही. सकाळी नदी गढूळ. गाडीचा ड्रायव्हर पँट वर करून पाण्यात उतरला, मांडीपर्यंत गेला, परत आला आणि इंजिन बंद करून बसला. गाइड म्हणाली, आज नाही. झालं! आमच्यातल्या दोघांचे चेहरे पडले. कार्यक्रमात धबधबा छापलेला आहे, पैसे भरलेत, समोर पाणी कमरेइतकंही दिसत नाही, सायकल खांद्यावर घेऊन जाऊ की! तिने सगळं ऐकून घेतलं, स्वयंपाक्याला चहा टाकायला सांगितला आणि नकाशा काढून दुसरी वाट दाखवली. धबधबा आम्ही पाहिलाच नाही.

आम्ही आमचे आम्ही गेलो असतो तर त्या पाण्यात उतरलो असतो याबद्दल मला जराही शंका नाही. डोंगरातल्या नद्यांचा तळ गोट्यांचा, पाणी बर्फासारखं गार आणि ओढ वरून दिसत नाही. म्हणून कंपनीला मी पहिला प्रश्न हा विचारेन: तुमचा गाइड 'नाही' म्हणाला तर ते अंतिम का? मागच्या मोसमात तुम्ही वाट कधी बदललीत, कशासाठी? ज्या कंपनीकडे ह्याचं धड उत्तर नाही ती हॉटेल बुक करणारी कंपनी आहे, गवतात नेणारी नव्हे.

दुसरं, वाटेबद्दल. पुढच्या प्रतिसादात, बेलापूर आलं.

कोलशेतकर

ताई, थांबू नका! लोकलमध्ये उभ्याने टंकत असाल तरी लिहा.

खारघरची_चढण

बसायला मिळालंय, लिहिते.

तिथे रस्ता असा नसतोच. गाड्यांच्या चाकोऱ्या असतात, कधी कधी आठ-दहा शेजारी शेजारी. एक चाकोरी खराब झाली की पुढचा ड्रायव्हर बाजूच्या गवतातून नवी काढतो. नकाशात मात्र एकच रेघ. आता ह्यात गोम अशी की दोन चाकोऱ्या सुरुवातीला इतक्या हळू फुटतात की तुम्ही आणि तुमचा मित्र हाताच्या अंतरावर बोलत चाललेले असता. अर्ध्या तासाने तो दोनशे मीटरवर दिसतो, हात हलवतो, तुम्ही हलवता. तासाने तुमच्या दोघांमध्ये एक टेकाड असतं आणि मग दोघं वेगवेगळ्या दरीत. नेटवर्क नाही. माणूस गवतात हरवतो तो असा, सगळं स्वच्छ दिसत असताना. 

आमच्या गाइडचा नियम होता, प्रत्येक फाट्यावर पुढच्याने मागचा दिसेपर्यंत थांबायचं, मागच्याने इशारा केला की मगच निघायचं. सगळ्यात शेवटी तिचा मदतनीस, सगळ्यात पुढे ती. जोरात चालवणारे पहिल्या दिवशी वैतागले, नंतर त्या थांब्यांवर झोपा काढायला शिकले. दुसरा नियम, सगळ्यांनी एकाच चाकोरीतून जायचं. कितीही खड्डे असोत, कडेच्या गवतात सायकल घालायची नाही, कारण तेवढ्याने तिथे नवी चाकोरी पडायला सुरुवात होते.

चाकोरीत आडव्या बारीक लाटा उठलेल्या असतात, पत्र्यासारख्या. पाय दुखत नाहीत, तळहात बधिर होतात. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागायचा.

आणि वारा. येऊरची चढण चढल्यावर उतार मिळतो, वाऱ्याला उतार नसतो. उतरणीवर पायडल मारत ताशी सात-आठने जाणं मी तिथे पहिल्यांदा अनुभवलं. वारा बहुतेक पश्चिमेकडून, वायव्येकडून येतो. तेव्हा तुमची कंपनी पश्चिमेकडून पूर्वेला नेते की उलट, हे बघाच. खारखोरिनला संपणारी वाट पश्चिमेकडून येत असेल तर अर्धं काम झालं. आमच्या कंपनीचा पहिला आराखडा उलटा होता, आमच्यातल्या एका नाशिककराने हटकल्यावर त्यांनी फिरवला.

पामबीच_पहाटे

फोटोशिवाय धागा फाऊल! :)

खारघरची_चढण

फोटोत तो प्रदेश मावत नाही. खाली हिरवं, वर निळं, मध्ये मी ठिपका. टाकते सवडीने.

भाजणी_आणि_ताक

ताई, शाकाहाराचं लिहाल का? आणि एक बायकी प्रश्न, धाग्यातच विचारते कारण पुढच्या बाईलाही हवा असेल. झुडूप नाही, भिंत नाही. मग?

खारघरची_चढण

धाग्यातच विचारलंत ते बरं केलंत. मुक्कामाला छोटा उभा तंबू आणि खणलेला खड्डा असतो, त्याची अडचण नाही. अडचण दिवसाची. गाडी वाटेत दोन-तीनदा भेटते तेव्हा ती आडवी उभी करायची, पुरुषमंडळींनी पुढे निघायचं, हे पहिल्याच सकाळी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. बाई गाइड असल्याचा इथे फार फायदा झाला. एरवी काळी घडीची छत्री. हसू नका, सामानातली सगळ्यात उपयोगी वस्तू तीच. पाळीचं सामान आपलं आपण न्यायचं आणि कचरा बंद पिशवीत गाडीतून शहरात परत. पुरायचं नाही, कुत्री उकरतात.

शाकाहार जमतो, पण तो स्वयंपाक्याच्या भरवशावर सोडू नका. कोबी, बटाटा, गाजर, भात, शेवया इतकं मिळतं. मटणाच्या पाण्यात शिजवलेल्या शेवयांमधून मटण काढून टाकलं की त्यांच्या लेखी ताट शाकाहारी होतं, त्यात फसवणूक नसते, तिथे भाजीपाला पिकतोच थोडा. म्हणून वेगळं भांडं आधीच लेखी मागा. मी भाजणी, मेतकूट, भाजके पोहे, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ-दाण्याचे लाडू नेले होते, सगळं सीलबंद. थालीपीठ गाइडला इतकं आवडलं की शेवटी भाजणीची पिशवी तिलाच दिली. दही उत्तम. साय तर विचारू नका. वाळवलेल्या दह्याचे खडे देतात, ते चावायचे नाहीत, गालात ठेवून चालवायचं.

कोणी घरात (फेल्टच्या गोल तंबूला ते 'गेर' म्हणतात) बोलावलं तर खारट दुधाचा चहा येणार. उजव्या हाताने घ्या, घोटभर तरी प्या. उंबऱ्यावर पाय देऊ नका, मधल्या दोन खांबांच्या मधून जाऊ नका, शेगडीत कचरा टाकू नका.

डॉ_नौपाडा

वैद्यकीय चार शब्द. उलानबातर १३०० मीटरवर, पुढे तुम्ही फारतर २००० मीटरच्या आसपास जाल. विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही. त्रास होतो ऊन, कोरडी हवा आणि बुड ह्यांचा. घाम वाळून जातो म्हणून पाणी कमी प्यायलं जातं. खोगिराच्या जखमेला पहिल्या दिवशी मलम लावा, तिसऱ्या दिवशी नव्हे.

घोडीचं आंबवलेलं दूध आणि न उकळलेलं कोणतंही दूध चाखण्याआधी विचार करा. तिथल्या जनावरांत ब्रुसेलोसिस हा जिवाणूंचा आजार आहे आणि तो माणसाला होतो. चहा उकळलेला असतो, बिनधास्त प्या. मार्मोट नावाचा खारीच्या कुळातला गुबगुबीत प्राणी दिसेल. मेलेला असो की जिवंत, हात लावू नका आणि कोणी मांस देऊ केलं तर नको म्हणा. त्याच्यापासून प्लेग होतो, तिथे अजूनही अधूनमधून रुग्ण सापडतात. रेबीजची लस आधी घ्यावी का, हे आपल्या डॉक्टरांशी बोला, कारण कुत्रं चावलं तर पहिलं चांगलं रुग्णालय गाडीने दिवसभराच्या अंतरावर असू शकतं. ह्याच कारणाने विमा घेताना दुर्गम भागातून उचलून आणण्याचा खर्च त्यात आहे का, आणि कच्च्या रस्त्यावरची सायकल त्यातून वगळली आहे का, हे बारीक अक्षरात वाचा. पन्नाशीच्या मंडळींनी निघण्याआधी हृदयाची तपासणी करून घ्या.

विष्णुनगरचे_आजोबा

कुत्र्यांचं कोणी लिहा. मी आंबेगावकडे धनगरवाड्यावरच्या कुत्र्यांपुढे सायकल टाकून पळालेला माणूस आहे.

माळरानी

आजोबा, पळायचंच नाही. उतरायचं, सायकल आडवी मधे धरायची आणि वाड्यावरचं माणूस बाहेर येईपर्यंत हाका मारत उभं राहायचं. तिथेही अगदी हेच. राखणीची कुत्री हलणाऱ्या चाकामागे लागतात, थांबलेल्या माणसाला बहुधा नुसती भुंकतात. गेरकडे जाताना गाइड पुढे, बाकी मागे.

ऐरोलीचा_पंप

आलो. सायकलबद्दल.

इथून न्यायची तर खोक्यात भरा, मागचा गिअर हँगर (मागचे गिअर बदलणारा भाग ज्याला अडकवतात तो तुकडा) जादा घ्या, तो तिथे तुमच्या मॉडेलचा मिळणार नाही, डिस्कच्या मधे पुठ्ठा घाला. मुंबईहून थेट विमान नाही, सेऊल, हाँगकाँग किंवा इस्तंबूलसारख्या ठिकाणी बदलावं लागतं. दोन वेगळ्या कंपन्यांची तिकिटं जोडलीत तर खोक्याचे पैसे दोनदा आणि मधे उचलापाचल तुम्हीच करणार. माझं मत: माउंटन बाइक तिथे भाड्याने घ्या, पण खोगीर आणि पायडल आपले न्या. बुडाला जे सवयीचं आहे ते बदलू नका. उंची, इनसीम (पायाची आतल्या बाजूची लांबी) आधी कळवा, टायर कोणते आहेत त्याचा फोटो मागवा. सव्वादोन इंची, ट्यूबलेस असले तर उत्तम. हवा कमी ठेवा. इथे ठणठणीत भरायची सवय असते, त्या आडव्या लाटांवर दगडासारखं टायर हात मोडून काढेल.

ई-बाइक नेण्याचा विचार कोणी करत असेल तर सोडा. तिची बॅटरी प्रवासी विमानात घेत नाहीत. पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत. गॅसचा डबा विमानात अजिबात नाही, आणि कंपनी बरोबर असेल तर लागतही नाही.

झोपायची बॅग शून्य अंशाला उबदार राहील अशी. जुलैत दिवसा टी-शर्ट, रात्री पारा पाचाच्या खाली उतरू शकतो. आपल्या ठाण्याच्या दुकानात 'थंडीची' म्हणून मिळते ती माथेरानची असते.

तयारीबद्दल मात्र येऊरच्या फेऱ्या वाढवून फार काही होणार नाही. चढ तुम्हाला येतोच. सलग दिवस बसायची सवय लावा. शनिवारी बदलापूर-बारवीकडचे कच्चे रस्ते, रविवारी पुन्हा तेवढंच, दमलेल्या पायांनी. आणि मे महिन्यात दुपारनंतर उरणच्या बाजूला समोरून येणारा खारा वारा अंगावर घ्या. कंटेनरच्या रस्त्यावर नको, आतल्या.

गायमुख_एक्सप्रेस

मी पहिल्या तटातला. (कोलशेतकर ओळखेल.) सगळं वाचलं, तरी माझा मुद्दा राहतोच. गाइड, स्वयंपाकी, गाडी. मग आपण केलं काय? पाठीवर सामान नाही, वाट शोधायची नाही, चूल पेटवायची नाही. ह्याला प्रवास म्हणायचा की नुसतं पायडल मारणं?

खारघरची_चढण

गायमुख, मी जाण्याआधी हेच म्हणत होते आणि आताही तुमचं म्हणणं खोडून काढणार नाही. स्वतः सामान वाहून तो भाग पार करणारे असतात, आम्हाला एक जोडपं भेटलंही. ते महिना-दीड महिना काढून आले होते. नदी चढली तर दोन दिवस काठावर बसून राहायची त्यांची तयारी होती. तुमच्याकडे रजा किती आहे? परतीच्या विमानाची तारीख ठरलेली असताना काठावर दोन दिवस बसणं जमत नाही, मग माणूस पाण्यात उतरतो. गाइड आपण वाट शोधायला घेत नाही, कमी रजा असलेल्या माणसाला वेळेचं भान सोडता यावं म्हणून घेतो.

दुसरं, भाषा. आम्ही एका गेरजवळ तासभर बसलो तेव्हा त्या घरच्या आजी बोलत होत्या आणि गाइड सांगत होती. बकऱ्या किती वाढल्या, १९९० नंतर काश्मिरी लोकरीला भाव आला म्हणून सगळ्यांनीच कशा वाढवल्या, बकरी गवत कसं मुळाशी खाते, मुलगा शहरात गाडी चालवतो, यंदा घोडे कोणाच्या भरवशावर सोडायचे. गाइड नसती तर मी हसले असते, चहा प्यायले असते आणि 'किती साधी माणसं' असं लिहून घरी आले असते.

गाडीत बसा असं कोणी सांगत नाही. आमच्यातले दोघे एक दिवस बसले, तेही मजेत होते.

विष्णुनगरचे_आजोबा

अवांतर: भारतीय म्हटल्यावर तिथली वयस्क माणसं कुशोक बकुला रिनपोछे यांचं नाव काढतात असं ऐकून आहे. लडाखचे लामा, १९९० ते २००० आपले तिथले राजदूत. साम्यवादी काळात मठ मोडले गेले होते, ते परत उभे राहताना ह्या माणसाने मोठा हातभार लावला. उलानबातरमध्ये त्यांनी स्थापलेला मठ आहे. गेलात तर बघून या.

खारघरची_चढण

आजोबा, नाव निघालं खरंच. खारखोरिनच्या एर्डेन झू मठात.

कच्छी_जावई

सासुरवाडी भुज, त्यामुळे माझा हट्ट असा की आधी कच्छमधल्या बन्नीच्या गवताळ पट्ट्यात जा. ही टोळी गाइडचं ऐकते का, हे मंगोलियात कळण्यापेक्षा इथे कळलेलं स्वस्त.

अडीच हजार चौरस किलोमीटरच्या आसपास सपाट गवत, मालधारींच्या (तिथल्या गुराख्यांच्या) म्हशी, हिवाळ्यात छारी ढंढच्या पाणथळीला क्रौंच. डिसेंबर ते फेब्रुवारी. फरक लक्षात ठेवा: इथे वाटेल तिथे तंबू नाही. पुढे सीमा आहे, पांढऱ्या रणासाठी परवाना लागतो, ड्रोन वगैरे विसरा. स्थानिक माणूस घेऊन, गावाच्या परवानगीने, गावाजवळच मुक्काम. काटे हा दुसरा फरक. १९६१ च्या सुमारास रण पसरू नये म्हणून वनखात्याने विलायती बाभूळ लावली, तिने अर्धी बन्नी गिळली. ट्यूबमध्ये भोक बुजवणारं सीलंट न भरता गेलात तर दिवसभर पंक्चरच काढाल. भिरंडियाराला थांबून मावा खा, काळा डुंगर चढा (४६० मीटरच्या आसपास, पण सपाटीवरून थेट, पाय बोलतील).

कच्छ एक्सप्रेस वांद्रे टर्मिनसहून सुटते. सायकली ब्रेकव्हॅनमध्ये टाकायच्या तर बोरिवलीला चढवायच्या फंदात पडू नका, गाडी तिथे क्षणभर थांबते. वांद्र्याच्या पार्सल ऑफिसात वेळेआधी जाऊन बुक करा.

गायमुख_एक्सप्रेस

हे पटलं. बन्नीला मी वाट शोधतो, स्थानिक माणूस माझ्या मागे राहील. बघू किती वेळा चुकतो.

कच्छी_जावई

सपाटीवर चुकायला फार अक्कल लागत नाही. या!

पामबीच_पहाटे

खर्चाचं कोणीच लिहिलं नाही. परदेशी सहल म्हणून पैसे भरलेत की टीसीएस (पैसे भरतानाच घेतला जाणारा आगाऊ कर) लागतो, तो विवरणपत्रात वळता होतो, पण आधी खिशातून जातो हे हिशेबात धरा. आणि नादम हा तिथला राष्ट्रीय सण ११ ते १३ जुलै. कुस्ती, धनुर्विद्या, घोड्यांच्या शर्यती, शहरात त्या आठवड्यात खोल्या महाग आणि दुर्मीळ. बघायचा असेल तर आधीच बुकिंग, नसेल तर महिनाअखेर गाठा.

माळरानी

जुलै-ऑगस्ट हाच तिथला पावसाचाही काळ, मुसळधार नसला तरी दुपारी ढग जमतात. विजेचं ध्यानात ठेवा. मैलोगणती सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच. गडगडाट सुरू झाला की टेकाडावरून खाली, सायकलीपासून लांब, एकमेकांपासून लांब, आणि गाडी जवळ असेल तर गाडीत. तंबू आडोसा वाटतो, पण विजेपासून वाचवत नाही.

कोलशेतकर

सगळ्यांचे आभार, टोळीला धागा वाचायला लावला. जानेवारीत बन्नी नक्की. मंगोलिया ऑगस्टचा पहिला आठवडा, गाइडसकट, सायकली तिथल्या. कंपनीला काल रात्री मेल टाकली: गाइडचा 'नाही' अंतिम का, वाट कोणत्या दिशेने, शाकाहाराचं भांडं वेगळं का, गाडीत उपग्रह फोन आहे का.

आज दुपारी उत्तर आलं. भांडं वेगळं मिळेल. उपग्रह फोन आहे. दिशा पश्चिमेकडून पूर्वेला. पहिल्या प्रश्नाला लिहिलंय, "गाइड नाही म्हणू शकते, पण ड्रायव्हर नाही म्हणाला तर गाइडलाही ऐकावं लागतं."

खारघरची_चढण

पैसे भरा. आणि ड्रायव्हरसाठी इथून काहीतरी घेऊन जा. आमच्या ड्रायव्हरला लिंबाचं गोड लोणचं चाललं होतं, मटणाबरोबर.